कागदाचा वाडा : आधी साल ठरवा

मुलांनो, दिवाळीत तुम्ही सगळे किल्ला करता. दगड-माती, गोणपाट, त्यावर हळिवाची हिरवळ आणि शिखरावर शिवाजी महाराज. गेल्या दिवाळीत मी गावातले किल्ले फिरून पाहिले. एका किल्ल्याच्या पायथ्याशी आगगाडी होती, दुसऱ्यावर विजेचे खांब नि तारा. महाराजांचा राज्याभिषेक रायगडावर ६ जून १६७४ रोजी झाला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. वजाबाकी करा : १७९ वर्षे. पण किल्ला हा खेळ आहे, खेळात हे चालते, म्हणून मी कोणाला काही बोललो नाही.

यंदा सातवीचा वर्ग जे करतो आहे, त्यात मात्र असे चालणार नाही. आपण वरच्या आळीतल्या वाड्याची कागदाची प्रतिकृती करतो आहोत. आषाढातल्या पावसात त्या वाड्याची स्वयंपाकघराकडची भिंत बसली. मालक मुंबईस असतात. दिवाळीनंतर वाडा उतरवायचा असे ठरले आहे, लाकडाचा सौदाही झाला आहे. एकदा तो उतरला की मग मोजायला काही राहणार नाही. फोटो काढलेत, भरपूर काढलेत. पण फोटोत भिंत किती जाड आहे ते कळत नाही, आणि उंबऱ्याशी का वाकावे लागते तेही कळत नाही. ते मोजावे लागते. मोजलेले खरे की खोटे, हे करून पाहिल्यावरच समजते. म्हणून हा कागदाचा खटाटोप.

पहिली गोष्ट प्रमाण. भूगोलात नकाशाचे प्रमाण शिकलात, तेच इथे. आपण १ मीटरला २ सेंटिमीटर धरले, म्हणजे खऱ्याच्या पन्नासावा भाग. हे प्रमाण मला सोयीचे वाटते. सेंटिमीटरमधले खरे माप घ्यायचे, त्याला ५ ने भागायचे, की प्रतिकृतीचे मिलिमीटर मिळतात. जोते ९० सें.मी. उंच, भागिले ५, म्हणजे १८ मि.मी. पाढे येत असले की झाले. सर्वांत आधी ३३ मि.मी. उंचीचा एक कागदी माणूस कापून घ्या. तो खरा १६५ सें.मी. उंच. प्रत्येक दारात, प्रत्येक पायरीवर त्याला उभा करून बघा. दार चुकले असेल तर तो लगेच सांगतो. दिंडीतून त्याला ताठ जाता आले तर दिंडी मोठी झाली असे समजा.

आता मोजणीतली एक गंमत सांगतो. आपण टेपने मोजत होतो आणि आकडे काही केल्या पूर्ण येत नव्हते. एका खांबापासून दुसरा खांब १.६ मीटर, चौक ४.८ मीटर रुंद, लांब ६.४. तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाल्या, “अरे, ते मीटर-बिटर ठेवा बाजूला. चौक तीन खणांचा नि चार खणांचा. खण मोजा, खण!” दोन तुळयांमधले अंतर म्हणजे खण. जुन्या घरांचा आकार खणांतच सांगत. मग सगळे भराभर बसले. वाड्याची रुंदी ९ खण, लांबी १० खण. चौकाच्या चारी बाजूंचे सोपे ३-३ खणांचे. कुठे चार-सहा बोटे इकडेतिकडे, पण हिशेब तोच. आपल्या प्रमाणात एक खण म्हणजे ३२ मि.मी. सगळा वाडा २८.८ सें.मी. रुंद नि ३२ सें.मी. लांब होतो, म्हणजे बाकाच्या एका टोकावर मावतो. आणि १.६ मीटर म्हणजे किती हात? एक हात सुमारे ४६ सें.मी. धरा, साडेतीन हात होतात. माणूस आपल्या हाताने साडेतीन हात भरतो, हे तुम्ही कीर्तनात ऐकले असेल. आडवा झालेला माणूस एका खणात मावतो. आजींना नमस्कार करा, हा धडा त्यांचा आहे.

म्हणून पुठ्ठा कापण्याआधी तळाच्या कागदावर ३२ मि.मी.चे चौकोन आखून घ्या. गुण्या वापरा, नुसत्या पट्टीवर विसंबू नका. पहिली रेघ तिरकी गेली तर शेवटचा कोपरा बोटभर उघडा राहतो. मग डिंक ओतून काही होत नाही.

दुसरी गोष्ट साल, आणि ती प्रमाणाहून अवघड. आज तुम्ही वाड्याकडे पाहता तेव्हा काय दिसते? वर मंगलोरी कौले, मागच्या बाजूला पत्रा, माडीच्या खिडक्यांना काचा, ओट्याला सिमेंटचा कोबा, भिंतीवर विजेचे मीटर. हे सगळे एका वेळी आलेले नाही. वाडा पेशवाईच्या शेवटच्या काळातला. नंतरच्या प्रत्येक पिढीने त्यात काहीतरी घातले, काहीतरी काढले. तेव्हा कुठला वाडा करायचा? आपण १८०० साल धरले. नाना फडणवीस त्या वर्षी १३ मार्चला वारले, म्हणून लक्षात ठेवायला सोपे. नानांचा मेणवलीचा वाडा आपण सहलीत पाहिला आहे, त्यामुळे त्या काळचे लाकूडकाम कसे असते हे डोळ्यांसमोर आहे. पुण्याचा विश्रामबागवाडा त्यानंतर थोड्याच वर्षांनी, दुसऱ्या बाजीरावाच्या वेळी झाला. सुरूच्या झाडासारखे निमुळते कोरीव खांब आणि त्यांवरची केळफुलाची नक्षी पाहायची तर तिथे पाहावी. मात्र आपल्या वाड्याला ती नक्षी चिकटवू नका. आपला वाडा सरदाराचा नव्हे. त्याचे खांब साधे चौकोनी, खाली दगडी तळखडा, बस्स.

साल ठरले की यादी करायची, १८०० साली काय नव्हते याची. मंगलोरी कौले नव्हती. बासेल मिशनने मंगळूरला त्यांचा कारखाना काढला तो १८६५ साली. नालीदार पत्रा नव्हता. त्याचे पेटंट इंग्लंडात १८२९ साली घेतले गेले. आज आपण वापरतो त्या पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ सालचे. तेव्हा ओटा दगड-चुन्याचा आणि घरातली जमीन शेणाने सारवलेली. रॉकेलचा कंदीलही नव्हता. रॉकेल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. म्हणून भिंतीत जागोजागी कोनाडे ठेवायचे, पणतीसाठी नि दिव्यासाठी. हे कोनाडे वाड्यात अजून आहेत, वरच्या कडेला काजळी आहे. आपल्या साध्या वाड्याला काचाही नकोत, लाकडी गज आणि फळ्यांची झडप पुरे. एकाने परसात लाल फुलांचा गुलमोहर लावला होता, दिसायलाही झकास. पण गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा, आपल्याकडे आला एकोणिसाव्या शतकात. त्याच्या जागी पारिजातक लावला. चौकात तुळस आहेच.

इथे वर्गात वाद झाला आणि तो सांगितलाच पाहिजे. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “गुरुजी, आम्ही पाहिलेला वाडा तर मंगलोरी कौलांचा आहे. आजी लग्न होऊन आल्या तेव्हाही तीच कौलं होती. मग आपण कुणीच न पाहिलेला वाडा का करायचा?” प्रश्न खरा आहे. अर्धा वर्ग तिच्या बाजूने झाला. मला असे वाटते की १८०० चा वाडा खरा आणि आजचाही खरा. पण खाली १८०० चे खांब नि वर आजचे कौल, असा वाडा मात्र आज आहे तसाही नाही नि तेव्हाचाही नाही. मग तोड काढली. छप्पर चिकटवायचेच नाही. पेटीच्या झाकणासारखे सुटे करायचे आणि दोन करायची, एक नळीच्या कौलांचे, एक मंगलोरी. आजचे छप्पर घातले की मागचा पत्र्याचा तुकडा लावायचा आणि खिडक्यांवर काचेच्या कागदाच्या चौकटी सरकवायच्या. दुसऱ्या छपराचे काम त्या मुलीच्या गटाकडेच दिले आहे. सुट्या छपराचा आणखी एक फायदा म्हणजे झाकण उचलले की माजघर, देवघर, कोठी सगळे वरून दिसते.

नळीची कौले होती कशावरून, असे कोणी विचारील. गोठ्यामागे कडब्याखाली त्यांचा ढीग निघाला. अर्धगोल, कुंभाराने थापलेली, एका टोकाला जरा निमुळती. काहींवर बोटांचे ठसे आहेत. लांबी ३० सें.मी. भरली. ही कौले एक उताणे, एक पालथे अशी बसवतात. उताण्यातून पाणी वाहते, पालथे दोन उताण्यांमधली फट झाकते. ती नुसती एकावर एक ठेवलेली असतात. मांजर गेले, वानर उडी मारून गेले की सरकतात. म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी घर शाकारावे लागे. मंगलोरी कौल खाचेत खाच बसते, जागचे हलत नाही, शाकारणी वाचते. लोकांनी ते का घेतले हे मग वेगळे सांगायला नको. आणि आपल्याकडे पाऊस पडतो म्हणून हे उतरते छप्पर, हेही लक्षात असू द्या. सोलापूर-मराठवाड्याकडचा त्याच काळातला वाडा करायला घेतलात तर वर मातीचे सपाट माळवद लागेल. साल तेच, पण गाव बदलले की छप्पर बदलते.

आता ही कौले कागदाची कशी करायची? बहुतेकांनी आधी खोक्याचा नालीदार पुठ्ठा आणला. वरचा कागद सोलला की आत नाल्या दिसतात, कौलासारख्या. पण मोजा. मोठ्या खोक्याची एक नाली सुमारे ७ मि.मी. असते. पन्नासने गुणा, ३५ सें.मी. झाले. एवढे रुंद कौल कुठल्या कुंभाराने केले? आपल्याला एक उताणे-एक पालथे मिळून सुमारे १० सें.मी. हवे, म्हणजे कागदावर २ मि.मी. तेव्हा असे करा. पुस्तकाला घालतो तो खाकी कागद घ्या. खाली जुन्या वर्तमानपत्राची चौपदरी घडी ठेवा. शाई संपलेल्या बॉलपेनाने २-२ मि.मी. अंतरावर दाबून रेघा ओढा. मग कागद उलटा करून दोन रेघांच्या मधोमध पुन्हा दाबा. कागदाला बारीक लाटा पडतात. आता रेघांना आडव्या ६-६ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या कापा.

चिकटवायला सुरुवात वळचणीकडून करायची, आढ्याकडून नव्हे. खालची पट्टी आधी, वरची तिच्यावर निम्मी चढवायची. खरा कारागीर असेच करतो, नाहीतर पाणी आत जाईल. एक पाखे किती लांब? कागदावर आडवे ४.८ सें.मी. आणि उभे ४ सें.मी. काढा, दोन्ही टोके जोडा, तिरकी रेघ पट्टीने मोजा, सुमारे ६.२५ सें.मी. भरते. भिंतीबाहेरची वळचण सव्वा सेंटिमीटर धरा. एकूण साडेसात. प्रत्येक पट्टी ३ मि.मी. दिसते, म्हणून एका पाख्याला २५ पट्ट्या. चार सोप्यांची आठ पाखी, २०० पट्ट्या. वर्गात मुले ३१. प्रत्येकी ७ केल्या तर २१७ होतात, म्हणजे १७ जास्तीच्या. त्या लागतातच, कारण पट्ट्या फाटतात आणि कोणाची तरी शेळी एक खाते (हे घडले आहे). बाहेरच्या पाख्यांना लांब पट्ट्या, चौकाकडच्या पाख्यांना आखूड, हे वाटणी करताना पाहा. चौकाच्या चार कोपऱ्यांत दोन पाखी मिळतात, तिथे पट्टी तिरकी कापावी लागते. तो कोन डोक्याने काढत बसू नका. वर्तमानपत्राचा तुकडा कोपऱ्यात दाबून नखाने घडी पाडा आणि तोच नमुना कार्डावर ठेवून कापा. रंगाला गेरू, पण पातळ आणि सगळीकडे सारखा नको. जुने कौल एकरंगी नसते.

भिंतींचे काम छपरापेक्षा सोपे, तरी बहुतेक कागदी घरे इथेच फसतात. एकाच पुठ्ठ्याची भिंत उभी केली की घर पत्त्याच्या बंगल्यासारखे दिसते. वाड्याची भिंत ८० सें.मी. जाड आहे, म्हणजे आपल्याला १६ मि.मी. हवी. त्यासाठी दोन पुठ्ठे उभे करायचे, मध्ये १६ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या आडव्या-उभ्या लावायच्या, वरून झाकायचे. खिडकी दोन्ही पुठ्ठ्यांत कापायची आणि मधली पोकळी कागदाने मढवायची. मग खिडकीत खोली येते, आत सावली पडते. ती सावली पडली की वाडा एकदम जड दिसायला लागतो. अशा भिंतीमुळेच वैशाखात माजघरात गार वाटते.

पुठ्ठा म्हणून लग्नपत्रिका उत्तम, घरात साठलेल्या असतातच. देवाचे चित्र असलेली बाजू कापू नका, घरचे रागावतील. प्रत्येक घडीआधी पट्टी धरून बॉलपेनाने रेघ दाबून घ्या, घडी काटकोनात येते. कागदाला उभा-आडवा धागा असतो. एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडा. सरळ फाटतो त्या दिशेने घडी घातली तर ती मोडत नाही. मैद्याची खळ स्वस्त, पण तिच्यात पाणी फार. एकाच बाजूने कागद चिकटवला तर पुठ्ठा वाळताना वाकतो. दोन्ही बाजूंनी कागद लावा आणि दप्तराखाली दाबून रात्रभर ठेवा. बारीक कामाला बाभळीचा डिंक बरा. खळीत मोरचूद घातला की कीड लागत नाही, पण तो विषारी आहे. ते काम मीच करतो, तुम्ही डब्याला हात लावायचा नाही.

जोत्याचे दगड आखायचे ते मोजून. घडीव दगडाचा एक थर ३० सें.मी., आपल्याकडे ६ मि.मी. १८ मि.मी. जोत्यात बरोबर तीन थर बसतात आणि पायऱ्याही तीनच. वाड्यात जाऊन पाहा, प्रत्येक पायरी एकेका थराला भिडलेली आहे.

दरवाजाला बिजागरी नको. त्या दाराला बिजागरी नाहीच. फळीच्याच वरच्या-खालच्या टोकाला लाकडी खुंटी काढलेली आहे, ती चौकटीच्या आणि उंबऱ्याच्या भोकांत फिरते. आपण दाराच्या कडेला दात कोरायची काडी चिकटवली, टोके तेवढी बाहेर ठेवली, भोकांत बसवली. दार करकरत नाही एवढेच. आत दोन्ही बाजूंच्या भिंतींत अडसराची भोके आहेत. एक उथळ, एक खोल. खोल भोकात सगळा अडसर सरकून आत जातो. तो हात घालून मोजला, दीड मीटर भरला. म्हणून त्या बाजूच्या भिंतीत ३० मि.मी.ची पोकळी ठेवायची आहे. बाहेरून ती कधी दिसणार नाही. तरी ठेवायची.

राहिला माडीचा प्रश्न. पुढच्या भिंतीत आतून, वर एका ओळीत चौकोनी खोबण्या आहेत, आता मातीने बुजवलेल्या. तिथे तुळया बसत होत्या, म्हणजे तिथवर कडीपाट होता. माडीची उंची त्यावरून मिळाली. पण माडीचा पुढचा सज्जा कसा होता, कठडा कसा होता, याची एकही खूण वाड्यात उरलेली नाही. एकाने मेणवलीसारखा काढू या म्हटले, दुसऱ्याने चित्रपटातला. मी दोन्ही नको म्हटले. तेवढा भाग कोऱ्या पांढऱ्या कागदाचा, रंग न देता, रेघ न ओढता करायचा. पाहणाऱ्याला कळले पाहिजे की बाकीचे मोजलेले आहे आणि एवढे अंदाजाचे आहे. उद्या कोणाच्या पेटीत जुना फोटो निघाला तर ते पांढरे काढून खरे बसवता येईल. छप्पर सुटे आहे, तसा हा सज्जाही सुटाच ठेवला आहे.

अजून मागच्या दाराची चौकट, देवघराचा कोनाडा आणि आडाचा काठ एवढे मोजायचे आहे. पडलेल्या भिंतीकडे कोणी जायचे नाही, तिकडची मापे दोरीने लांबून घेऊ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की टेप, दोरी, ओळंबा आणि चौकटीची वही घेऊन वरच्या आळीला या. आजींनी सांगितले आहे, चपला बाहेर काढायच्या आणि मोजून झाल्यावर ताक प्यायल्याशिवाय कोणी जायचे नाही.